इश्काना, ग्राफविडो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे कार्ड नेमकं काय करतं?

'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळाच्या 'एल्ड्रिच मून' या सेटमध्ये (कार्डांच्या संचात), जुलै २०१६ मध्ये, इश्काना आली. मिथिक रेअर (सगळ्यात दुर्मीळ श्रेणी), लेजंडरी क्रीचर, प्रकार स्पायडर. किंमत पाच माना (कार्ड खेळायला खर्च होणारी ताकद): एक हिरवा, बाकी चार कुठलेही. पॉवर (ती करते ते डॅमेज) ३, टफनेस (जितक्या डॅमेजने ती मरते) ५, थोडक्यात ३/५, आणि रीच (उडणाऱ्यांनाही अडवता येणं).

खरी गंमत पुढच्या दोन ओळींत आहे. पहिली म्हणजे डेलिरियम: इश्काना मैदानात उतरते तेव्हा तुमच्या ग्रेव्हयार्डमधल्या (वापरून झालेल्या आणि मेलेल्या कार्डांच्या ढिगातल्या) कार्डांत चार किंवा जास्त कार्ड-टाइप असतील, तर १/२ चे तीन हिरवे स्पायडर टोकन (कार्डाऐवजी नुसत्या खुणेने दाखवलेले क्रीचर) मिळतात, त्यांनाही रीच. पुढे सोयीसाठी त्यांना पिल्लं म्हणू. दुसरी ओळ म्हणजे सात मानांची ॲबिलिटी (सहा कुठलेही, एक काळा): निवडलेला एक प्रतिस्पर्धी तुमच्याकडच्या प्रत्येक स्पायडरमागे एक लाइफ गमावतो.

पिल्लांसकट ती एकाच कार्डातून चार अंगं उभी करते, एकूण पॉवर ६ आणि टफनेस ११. पिल्लांशिवाय तेच कार्ड पाच मानांना ३/५ असतं, आणि त्या किमतीला ते काही कौतुकाचं नाही. म्हणून खालचे बरेचसे प्रश्न एकाच क्षणाभोवती फिरतात: ती उतरते त्या वेळी ग्रेव्हयार्डमध्ये काय पडलेलं आहे.

चार टाइप मोजायचे कसे?

ग्रेव्हयार्डमध्ये सापडू शकणारे टाइप असे: आर्टिफॅक्ट, बॅटल, क्रीचर, एन्चांटमेंट, इन्स्टंट, लँड, प्लेन्सवॉकर, सॉर्सरी आणि किंड्रेड (जुन्या कार्डांवर हाच 'ट्रायबल' म्हणून छापलेला आहे). कार्ड किती आहेत ते बघायचं नाही, वेगवेगळे टाइप किती आहेत ते बघायचं. दहा क्रीचर पडले असले तरी टाइप एकच.

'लेजंडरी', 'बेसिक', 'स्नो' हे सुपरटाइप आहेत. ते मोजायचे नाहीत. 'स्पायडर', 'फॉरेस्ट', 'ऑरा' हे सबटाइप, तेही नाहीत. उलट एका कार्डावर दोन टाइप असतील तर दोन्ही धरायचे. आर्टिफॅक्ट क्रीचर एकटंच दोन टाइप देतं. ड्रायड आर्बर लँडही आहे आणि क्रीचरही.

चूक बहुतेक वेळा इथे होते:

दोन बाजूंच्या कार्डाची ग्रेव्हयार्डमध्ये फक्त पुढची बाजू धरतात. पुढे सॉर्सरी आणि मागे लँड असेल, तर ते कार्ड सॉर्सरीच. लँड म्हणून ते मोजलंत तर गणित एकने चुकलंच म्हणून समजा.

ॲडव्हेंचर असलेलं क्रीचर ग्रेव्हयार्डमध्ये नुसतं क्रीचर असतं, त्यावरचा इन्स्टंट किंवा सॉर्सरीचा भाग धरायचा नाही. स्प्लिट कार्डाचे मात्र दोन्ही अर्धे मोजतात.

टोकन कधीच मोजत नाहीत. मेल्यावर ते क्षणभर ग्रेव्हयार्डमध्ये जातात हे खरं, पण टोकन म्हणजे कार्ड नव्हे.

चार टाइपची तपासणी कधी होते?

दोनदा. पहिली, इश्काना मैदानात उतरते त्याच क्षणी. तेव्हा चार टाइप नसतील तर ट्रिगर (आपोआप सुरू होणारा परिणाम) होतच नाही. स्टॅकवर (घडायची वाट बघणाऱ्या परिणामांच्या रांगेत) काही जात नाही, त्यामुळे नंतर धावपळ करून चौथा टाइप टाकला तरी पिल्लं मिळत नाहीत. दुसरी तपासणी ट्रिगर रिझॉल्व्ह होताना, म्हणजे प्रत्यक्ष घडताना. त्या वेळी टाइप चारच्या खाली गेलेले असतील तर ट्रिगर वाया जातो.

मधल्या काळात काय चढउतार झाले त्याला महत्त्व नाही. दोन्ही क्षणी चार भरले की झालं. आणि तेच चार टाइप असायला हवेत असंही नाही.

समोरचा ग्रेव्हयार्डमधलं कार्ड उडवू शकतो. मग काय करावं?

एक लँड हाताशी राखून ठेवा. इव्हॉल्व्हिंग वाइल्ड्ससारखी, स्वतःला सॅक्रिफाइस करणारी (बळी देणारी, म्हणजेच 'फोडता' येणारी) लँड यासाठी सोन्यासारखी असते, कारण सॅक्रिफाइस हा किंमतीचा भाग आहे: ॲबिलिटी जाहीर करताच लँड ग्रेव्हयार्डमध्ये पडते आणि समोरच्याला मध्ये घुसायला जागाच उरत नाही.

उदाहरण बघा. ग्रेव्हयार्डमध्ये क्रीचर, इन्स्टंट, सॉर्सरी आणि आर्टिफॅक्ट आहेत. मैदानात एक न फोडलेली, न टॅप केलेली (वापरली म्हणून आडवी न केलेली) वाइल्ड्स आहे. इश्काना उतरली, ट्रिगर स्टॅकवर गेला. समोरच्याने स्कॅव्हेंजिंग ऊझने आर्टिफॅक्ट एक्झाइल केलं (खेळाबाहेर काढलं), टाइप उरले तीन. आता तुमचा ट्रिगर रिझॉल्व्ह होण्याआधी तुम्हाला प्रायॉरिटी (काही करण्याची पाळी) मिळते. तेव्हा वाइल्ड्स फोडा. लँड पडली, पुन्हा चार, पिल्लं आली.

हीच वाइल्ड्स घाईघाईत आधी फोडली असती, तर त्याच वेळी पाच टाइप दिसले असते, पण हातात उत्तर उरलं नसतं. मात्र लँडशिवाय तीनच टाइप भरत असतील तर थांबू नका. इश्काना स्टॅकवर असतानाच, ती उतरायच्या आधी, लँड फोडायला हवी.

टॉरमॉड्स क्रिप्टपुढे ही युक्ती चालत नाही. तो अख्खं ग्रेव्हयार्ड एका झटक्यात नेतो, एका लँडने भरपाई होणार नाही. समोर क्रिप्ट दिसत असेल तर आधी दुसरं काही महत्त्वाचं खेळून तो खर्ची पाडायला लावा. रेस्ट इन पीस (ग्रेव्हयार्डमध्ये जाणारी कार्डं थेट एक्झाइल करणारी एन्चांटमेंट) मैदानात असेल तर पिल्लांची आशा सोडा आणि ती ३/५ म्हणून चालणार असेल तरच खेळा.

इश्कानाला काउंटर केलं, किंवा उतरल्या-उतरल्या मारलं, तर पिल्लं मिळतात का?

काउंटर केलं, म्हणजे उतरण्याआधीच रद्द केलं, तर नाही. ट्रिगर कास्ट करण्यावर (माना भरून कार्ड खेळण्यावर) नाही, मैदानात उतरण्यावर आहे. पण एकदा ती उतरली आणि ट्रिगर स्टॅकवर गेला, की तिला मारून काही साधत नाही. पिल्लं येतातच. उलट ती स्वतः ग्रेव्हयार्डमध्ये जाते आणि क्रीचर हा टाइप पक्का होतो.

टॉरपर ऑर्ब असेल तर ट्रिगरच होत नाही. पॅनहार्मोनिकॉन तुमच्याकडे असेल तर तो दोनदा होतो, म्हणजे सहा पिल्लं.

ग्रेव्हयार्डमधून तिला परत आणलं, चार टाइप होते, तरी ट्रिगर झाला नाही. असं का?

हा सापळा बारकाईने बघण्यासारखा आहे. समजा ग्रेव्हयार्डमध्ये इश्काना, एक लँड, एक इन्स्टंट आणि एक आर्टिफॅक्ट आहे. टाइप चार. तुम्ही सॉर्सरी खेळून तिला परत आणलंत.

ती मैदानात उतरते त्या क्षणी ती ग्रेव्हयार्डमध्ये नसते, म्हणजे क्रीचर हा टाइप गेला. आणि सॉर्सरीही अजून तिथे पोचलेली नसते. कुठलाही स्पेल (कास्ट केलेलं कार्ड) आपलं सगळं काम उरकल्यावर, रिझॉल्व्ह होण्याच्या अगदी शेवटच्या पायरीला, ग्रेव्हयार्डमध्ये जातो. तेव्हा तपासणीच्या क्षणी टाइप तीनच: लँड, इन्स्टंट, आर्टिफॅक्ट. ट्रिगर नाही. पुढच्याच क्षणी सॉर्सरी पडून पुन्हा चार होतात, पण गाडी सुटलेली असते.

म्हणून परत आणताना इश्काना आणि तो स्पेल दोन्ही बाजूला ठेवून मोजा. उरलेल्या कार्डांत चार भरत असतील तरच हात घाला. एखाद्या इन्स्टंटने तिला क्षणभर एक्झाइल करून परत आणता तेव्हाही हाच हिशोब: तो इन्स्टंट स्वतः मोजायचा नाही.

माझ्याकडे एक इश्काना मैदानात आहे. दुसरी खेळावी का?

खेळता येते, आणि पुष्कळदा खेळावीही. लेजंड रूलमुळे तुम्हाला एकच ठेवता येते, दुसरी ग्रेव्हयार्डमध्ये जाते. पण दुसरी उतरली हे तर घडलंच, त्यामुळे चार टाइप असतील तर ट्रिगर होतो आणि आणखी तीन पिल्लं मिळतात. पाच मानांना तीन ब्लॉकर हा सौदा बोर्ड अडकलेला असताना वाईट नाही.

फक्त एक लक्षात ठेवा: लेजंड रूलने पडणारी इश्काना पहिल्या तपासणीच्या उपयोगाची नाही. तपासणी आधी होते, पडणं नंतर.

रीचमुळे स्पायडर उडतात का?

नाही. फ्लाइंग असलेल्या क्रीचरला फ्लाइंग किंवा रीच असलेलं क्रीचरच ब्लॉक करू शकतं, एवढाच रीचचा अर्थ. कोळी जमिनीवरच राहतो. तो अटॅक करतो तेव्हा समोरचा कुठल्याही साध्या क्रीचरने त्याला अडवू शकतो, आणि जमिनीवरच्या अटॅकरला ब्लॉक करायलाही कोळ्याला काही आडकाठी नाही.

याचा फायदाही आहे. प्लमेट फक्त फ्लाइंग असलेल्या क्रीचरला मारतो, तो स्पायडरवर रोखताच येत नाही. हरिकेनचं डॅमेज उडणाऱ्यांना आणि खेळाडूंना लागतं, पिल्लं शाबूत राहतात.

१९९३ च्या अगदी पहिल्या सेटमधला जायंट स्पायडर (चार माना, २/४) हेच काम करायचा, पण तेव्हा 'रीच' हा शब्द नव्हता, पूर्ण वाक्य छापलेलं असे. शब्द २००७ साली 'फ्युचर साइट'मध्ये आला. जुन्या छपाईचं कार्ड हातात असेल तरी खेळताना त्याला रीच आहे असंच धरायचं.

सात मानांची ॲबिलिटी कधी वापरायची?

प्रायॉरिटी असेल तेव्हा कधीही, समोरच्याच्या टर्नमध्येसुद्धा. टॅप करावं लागत नाही, त्यामुळे नुकतीच उतरलेली इश्कानाही ती वापरू शकते. माना असतील तितक्या वेळा वापरा. ती आणि तीन पिल्लं मिळून चार स्पायडर, म्हणजे दर वेळी चार लाइफ.

मोजणी रिझॉल्व्ह होताना होते, जाहीर करताना नाही. समोरच्याने मध्येच दोन पिल्लं मारली तर नुकसान दोनाने कमी. इश्कानालाच मारलं तरी ॲबिलिटी स्टॅकवर तशीच राहते, मात्र तेव्हा तिची स्वतःची मोजणी गेली. उलट बाजूने, ॲबिलिटी स्टॅकवर असताना तुम्ही स्पायडर वाढवलेत तर तेही धरले जातात.

हे डॅमेज नाही, लाइफ जाणं आहे. डॅमेज अडवणारी कार्डं इथे कुचकामी ठरतात. पण ॲबिलिटी खेळाडूला टार्गेट करते, त्यामुळे समोर लेलाइन ऑफ सँक्टिटी असेल तर त्याच्यावर ती रोखता येणार नाही.

आपलं मत विचाराल तर, ही ॲबिलिटी धरून डेक बांधू नका. बोर्ड जाम झाला आहे, दोघांनाही अटॅक परवडत नाही, अशा लांबलेल्या डावात ती दर टर्नला चार-चार लाइफ खात जाते. तिचं काम तेवढंच, आणि ते ती चोख करते.

कशाने मरते, कशातून वाचते?

टफनेस ५ आणि २ या दोन आकड्यांवर सगळं ठरतं. लँग्विश (सगळ्या क्रीचरना -४/-४) पिल्लं नेतो, इश्काना ३/५ ची -१/१ होऊन टर्न संपेपर्यंत तग धरते. कोझिलेक्स रिटर्नचं पहिलं २ डॅमेज पिल्लांना पुरतं. त्याचंच ग्रेव्हयार्डमधून येणारं ५ डॅमेज इश्कानालाही घेऊन जातं. २०१६ च्या स्टँडर्डमध्ये (फक्त अलीकडच्या सेटांनी खेळायच्या प्रकारात) हे कार्ड तिच्या मुळावर उठलं होतं.

लिलियाना, द लास्ट होप या प्लेन्सवॉकरच्या +१ ॲबिलिटीने एका क्रीचरला -२/-१ मिळतं. १/२ चं पिल्लू त्यात मरत नाही, -१/१ होऊन उरतं. ब्लॉक करू शकतं, डॅमेज मात्र शून्य.

साठ कार्डांच्या डेकमध्ये पाचव्या टर्नला डेलिरियम कसं जमवायचं?

लँड, क्रीचर आणि इन्स्टंट किंवा सॉर्सरी हे तीन टाइप आपोआप भरत जातात. अडतं ते चौथ्यापाशी. सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे आर्टिफॅक्ट क्रीचर. वॉकिंग बॅलिस्टा एक्स (किंमतीतला आपण ठरवायचा आकडा) शून्य धरून शून्य मानांना कास्ट करा: ०/० असल्यामुळे लगेच मरते आणि आर्टिफॅक्ट व क्रीचर असे दोन टाइप एकदम देते. त्यात फोडलेली वाइल्ड्स आणि खेळलेला एक फेटल पुश मिळवा. तीन कार्डांत चार टाइप झाले. अर्थात बॅलिस्टा अशी फुकट घालवणं जिवावर येतं. पुढच्या टर्नला इश्काना नक्की येणार असेल तरच करा.

ग्रॅपल विथ द पास्ट (दोन माना) वरची तीन कार्डं ग्रेव्हयार्डमध्ये टाकतो, मग तिथून एक क्रीचर किंवा लँड हातात देतो, आणि स्वतः इन्स्टंट म्हणून पडतो. वेसल ऑफ नॅसेन्सी एन्चांटमेंट आहे. ती फोडली की वरची चार कार्डं उघडते, एक निवडू देते, बाकीची खाली टाकते. ट्रॅव्हर्स द उल्व्हेनवाल्ड एका मानाला, डेलिरियम असेल तर, लायब्ररीतून थेट इश्काना शोधून देतो. पण तो रिझॉल्व्ह होत असताना स्वतःला मोजत नाही, चार टाइप आधीच हवेत.

ढोबळ आराखडा: २४ लँड (त्यांतल्या ४ वाइल्ड्स किंवा तशाच फुटणाऱ्या), चौथा टाइप देणारी ६ ते ८ कार्डं, ग्रेव्हयार्ड भरणारी ६ ते ८, आणि इश्काना २ किंवा ३. चार घालू नका. सुरुवातीच्या हातात पाच मानांचं कार्ड दोनदा आलं की हात जड होतो, आणि ट्रॅव्हर्स असेल तर ती हवी तेव्हा मिळतेच. काळ्या मानाची किमान ९-१० सोर्स ठेवा. तिच्या ॲबिलिटीसाठी इतकी लागत नाहीत, पण फेटल पुशसारखी काळी कार्डं वेळेवर खेळायला लागतात.

कमांडरमध्ये तिचे रंग कोणते?

कमांडर हा एक लेजंडरी क्रीचर प्रमुख म्हणून निवडून खेळायचा प्रकार. त्यात तिचे रंग हिरवा आणि काळा. कास्ट करायला फक्त हिरवा लागत असला तरी नियमांच्या मजकुरात काळ्या मानाचं चिन्ह आहे आणि कलर आयडेंटिटीत (कार्ड कुठल्या रंगांच्या डेकमध्ये चालतं ते ठरवणाऱ्या रंगांत) ते धरलं जातं. म्हणूनच निव्वळ हिरव्या कमांडरच्या डेकमध्ये तिला घालता येत नाही.

कमांडर म्हणून ती मेली तर आधी ग्रेव्हयार्डमध्ये जाते, मग कमांड झोनमध्ये (कमांडर ठेवायच्या वेगळ्या जागी) न्यायचं की नाही हे तुम्ही ठरवता. पहिल्यांदा पाच माना, मग सात, मग नऊ. ती पुन्हा पुन्हा उतरणं हेच तुमचं इंजिन असल्यामुळे सहसा न्यावंच.

तिच्या सोबतीला कोणती कार्डं?

अरॅक्नोजेनेसिस: तीन मानांचा इन्स्टंट. तुमच्यावर जितके क्रीचर चालून आले तितकी १/२ पिल्लं मिळतात, आणि स्पायडर नसलेल्यांचं त्या टर्नचं सगळं कॉम्बॅट डॅमेज रद्द होतं. सात माना शिल्लक असतील तर त्याच टर्नला इश्कानाची ॲबिलिटी वापरा.

अरास्टा ऑफ द एंडलेस वेब ही एन्चांटमेंट क्रीचर आहे. मेली तर दोन टाइप देते, जिवंत असेल तर समोरच्याच्या प्रत्येक इन्स्टंट-सॉर्सरीमागे एक पिल्लू. डबलिंग सीझन किंवा पॅरलल लाइव्ह्ज असेल तर इश्कानाची तीनऐवजी सहा पिल्लं, दोन्ही असतील तर बारा. मास्कवूड नेक्सस तुमच्या सगळ्या क्रीचरना सगळे प्रकार देतो, म्हणजे सगळेच स्पायडर. स्वॉर्मयार्ड ही लँड टॅप करून एका स्पायडरला रीजनरेट करता (मरण्यापासून वाचवता) येतं.

आणि २०११ च्या 'इनिस्ट्राड'मधला स्पायडर स्पॉनिंग: ग्रेव्हयार्डमधल्या प्रत्येक क्रीचर कार्डामागे एक पिल्लू. त्याची किंमत चार आणि एक हिरवा, फ्लॅशबॅक (ग्रेव्हयार्डमधून पुन्हा खेळायची किंमत) सहा आणि एक काळा. इश्कानाच्या दोन्ही किंमती अगदी याच. दोन्ही कार्डं शेजारी ठेवलीत की हे नातं लगेच दिसतं.

कार्ड अस्सल आहे हे कसं ओळखायचं?

खालच्या कडेला मध्यभागी लंबगोल चकचकीत होलोफॉइल ठसा हवा, रेअर आणि मिथिक कार्डांवर तो २०१४ पासून आहे. सेटचं चिन्ह मिथिकच्या तांबूस नारिंगी रंगाचं असतं. सोनेरी असेल तर गडबड आहे. मागच्या बाजूच्या हिरव्या गोळ्यावर भिंग धरा: छपाईच्या ठिपक्यांत चार लाल ठिपके एल आकारात दिसतात. नकली कार्डांत ते बहुधा फिसकटलेले किंवा गायबच असतात. कार्ड वाकवून किंवा फाडून बघायच्या फंदात पडू नका.

टोकन कार्डं नसतील तर चालतात का?

चालतात. पिल्लांसाठी कुठलीही खूण ठेवा, फक्त ती टॅप आहे की नाही हे दोघांना स्पष्ट दिसायला हवं. गोल नाणी किंवा काचेच्या गोट्या यासाठी वाईट, आडव्या झाल्या तरी कळत नाही. उलटं ठेवलेलं जादा कार्ड उत्तम, पण तुमच्या डेकच्या कव्हरपेक्षा वेगळ्या रंगाच्या कव्हरमध्ये, नाहीतर शफल करताना तेच डेकमध्ये शिरतं. स्पर्धेत ट्रिगर जाहीर करायची जबाबदारीही तुमचीच आहे: इश्काना खाली ठेवताना ग्रेव्हयार्ड पसरून चार टाइप मोठ्याने मोजा, आणि मगच पिल्लं मांडा.